असा कोणी वापरकर्ता नाही

"हलकं आणि सुरक्षित असं काहीतरी बघ," मालकीणबाई म्हणाल्या. सूर असा, की जणू पडद्याचं कापड आणायला सांगतायत. "तीन महिन्यांत आपले सगळे सर्व्हर त्याच्यावर गेले पाहिजेत. विमा कंपनीचा तपासनीस येणार आहे."

मी बरं म्हटलं आणि जिना उतरून माझ्या खोलीत आले.

आमचा कारखाना चष्म्याच्या काचांचा. दुकानदार गिऱ्हाईकाच्या डोळ्यांचा नंबर कळवतात, तो आमच्या सर्व्हरवर येतो, तिथून मशीनकडे जातो आणि मशीन त्या नंबराची काच घासून देतं. सर्व्हर तीन. ते तळघरातल्या खोलीत असतात आणि त्यांच्याबरोबर मी. खोलीला खिडकी नाही. एसी कायम अठरावर, त्यामुळे मी बाराही महिने स्वेटर घालते आणि वरचे लोक मला बाराही महिने त्यावरून चिडवतात. अर्थात चिडवायला ते खाली आले तर. जिन्यावर चपला वाजल्या की समजायचं, काहीतरी बंद पडलंय. सगळं सुरळीत चाललं असेल तर आठवडा आठवडा माझ्याशी कुणी बोलत नाही, आणि माझं काम सगळं सुरळीत चालवणं हेच आहे. आता काय बोलणार!

सर्व्हरवर बाकीचे प्रोग्रॅम ज्याच्या जिवावर उभे असतात, ती ऑपरेटिंग सिस्टम. आमची अकरा वर्षं जुनी होती. तिच्यातली नवी भोकं बुजवणं आता थांबणार, असं बनवणाऱ्यांनी जाहीर केलं होतं. म्हणजे घर राहील, पण मोडलेली कडी दुरुस्त करायला कुणी येणार नाही.

मी तीन नव्या सिस्टम पाहून ठेवल्या. तिन्ही लिनक्स नावाच्या एकाच घराण्यातल्या, म्हणून त्यांना मी थोरली, मधली आणि धाकटी अशी नावं दिली. थोरली येताना अख्खं बिऱ्हाड घेऊन यायची. लागो न लागो, सगळं तिच्याकडे असायचं, आणि जुन्या सर्व्हरवरची खाती, किल्ल्या, सवयी ती आपणहून उचलून आणायची. मधली सगळ्याच बाबतींत बरी आणि कशातच चांगली नाही. धाकटी मात्र एका पिशवीनिशी आलेली. जेवढं मागाल तेवढंच बसवणार, वर एक टाचणी नाही. सामान कमी म्हणून जागा कमी, आणि चोराला शिरायला फटीही कमी.

हलकं आणि सुरक्षित. माझं घरही आता तसंच आहे. गेल्या वर्षी आई गेली. तिचा पलंग, औषधांचं टेबल, तिची ती करकरणारी खुर्ची, सगळं मी महिन्याभरात देऊन टाकलं. लागत नाही ते काढायचं, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. आता घरात दोन खोल्या आहेत, एक ताट आहे, आणि मी ओट्याशी उभ्यानेच जेवते. फार एकटं वाटतं. हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

सिस्टम निवडण्याआधी यादी करावी लागते. जुन्या सर्व्हरवर काय काय चालतं, कोण येतं, कोण जातं. दारावरच्या वहीसारखी सर्व्हरचीही एक नोंदवही असते. आत शिरणाऱ्या प्रत्येकाची तिच्यात एक ओळ उमटते. ही वही रोज वाचायची असते. मी वाचत नव्हते. काही बंद पडत नव्हतं ना, मग कोण वाचतंय!

ती वाचायला बसले आणि एका ओळीशी थांबले. रोज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी बाहेरून तिसऱ्या सर्व्हरमध्ये येत होतं. पन्नास सेकंद थांबून निघून जात होतं. मागची पानं उलटत गेले. गेला महिना, गेलं वर्ष, त्याच्या मागचं वर्ष. रविवार नाही, सुट्टी नाही. दहा दहा.

खात्याचं नाव होतं 'मूळ'.

तेव्हा कळलं कोण ते. माझ्या आधी या खोलीत एक गृहस्थ होते. हे तिन्ही सर्व्हर त्यांनीच उभे केले. सर्व्हरवर ज्याला सगळे अधिकार असतात त्याला रूट म्हणतात. रूट म्हणजे मूळ, म्हणून कारखान्यात त्यांचं नाव पडलं मूळपुरुष. त्यांनी ते मजेत घेतलं आणि स्वतःच्या खात्यालाही तेच नाव दिलं. सहा वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि मी आले. कामं ताब्यात घेण्याची एक यादी होती, चौदा कलमांची. तेरावर मी खूण केली होती. चौदावं होतं, 'मूळ खातं बंद करणे'. ते उद्या करू म्हणून ठेवलं होतं. उद्याला सहा वर्षं झाली.

आधी मी त्यांच्यावर भडकले, मग स्वतःवर. तपासनिसाला हे दिसलं असतं तर माझी धडगत नव्हती. खातं पुसायला एक ओळ पुरे. ती लिहिलीसुद्धा. पण बटण दाबण्याआधी म्हटलं, हा माणूस पन्नास सेकंद करतो तरी काय?

एकच शब्द टाइप करायचे ते. अपटाइम. सर्व्हर न थांबता किती दिवस चालू आहे, ते सांगणारी ही आज्ञा. एवढं विचारायचं, उत्तर वाचायचं आणि जायचं. सहा वर्षांत दुसरा शब्द नाही.

मी बटण दाबलं नाही. शनिवारी सकाळी ऑफिसातून पत्ता घेतला आणि त्यांच्या घरी गेले.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. बेल वाजवली तर आतून आवाज आला, "कोण?"

"काका, मी. कारखान्यातली. तुमच्या खुर्चीवर बसते ती."

दार उघडलं. इस्त्री केलेला शर्ट, पायात मोजे, दाढी नुकतीच केलेली. कुठेतरी निघालेल्या माणसासारखे दिसत होते. त्यांनी मला या, बसा काहीच म्हटलं नाही.

"बंद पडला?"

त्या प्रश्नात काळजी होती. पण खोटं कशाला बोलू, थोडी आशाही होती.

"नाही. चालू आहे."

"तेच म्हटलं. सकाळी तर बघितला मी, चांगला..." आणि त्यांनी जीभ चावली.

"दोन हजार तीनशे अकरा दिवस," मी म्हटलं.

"तू पण बघतेस?"

"आज पहिल्यांदा बघितला."

ते मागे सरकले. खोलीत एक खुर्ची, एक टेबल, टेबलावर जुना कम्प्युटर. दुसरी खुर्ची त्यांनी आतून आणली. तिच्यावरची वर्तमानपत्रांची चळत उचलायला त्यांना वेळ लागला, इतके दिवस तिच्यावर कुणी बसलं नव्हतं.

"पोलिसात देणार का?" त्यांनी विचारलं.

"आधी पाणी द्या. तीन मजले चढलेय."

ते हसले. पाणी आणलं, मग चहाही केला. कप माझ्या हातात देत म्हणाले, "मी कशाला हात लावत नाही हं. शपथेवर. किल्ली परत कुणी मागितली नाही, म्हणून राहिली. पहिल्या दिवशी सहज बघितलं, आत जाता येतं का. आलं. मग दुसऱ्या दिवशी बघितलं."

"रोज?"

"ही गेल्यापासून सकाळचं जमत नाही गं. पेपर साडेनऊला संपतो. दाढी पावणेदहाला. मग जेवणापर्यंत करायचं काय? दहा दहाला तिकडे गेलं की कामावर गेल्यासारखं वाटतं. निवृत्तीच्या दिवशी मी स्वतः तो सर्व्हर बंद करून चालू केला होता. तेव्हापासून कुणी बंद केला नाही. म्हणजे मी लावलेली घडी अजून मोडली नाही, असं वाटायचं."

आता मला बोलणं भाग होतं. सर्व्हर वर्षानुवर्षं न थांबवण्याचा अभिमान आमच्या धंद्यात सगळ्यांनाच असतो, आणि ती घोडचूकच असते. काही दुरुस्त्या अशा असतात, की बसवल्यावर मशीन एकदा बंद करून चालू केल्याशिवाय लागूच होत नाहीत. मी कधी ते केलं नव्हतं. बंद केला आणि उठलाच नाही तर, या भीतीने.

"काका, तो आकडा काही कौतुकाचा नाही," मी म्हटलं. "सहा वर्षांची भोकं आहेत त्याच्यात. माझ्या भित्रेपणाचा आकडा आहे तो."

"माहीत आहे." ते कपात बघत राहिले. "चालू असणं म्हणजे धड असणं नव्हे, हे मीच सगळ्यांना सांगायचो. मुलगी फोन करते, विचारते, कसे आहात बाबा? मी म्हणतो, चालू आहे."

मी चहा संपवून कप खाली ठेवला. भिंतीवर घड्याळ होतं, पण टिकटिक न करणारं.

"नवी कोणती निवडलीस?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना तिन्ही बहिणींची हकीकत सांगितली. "थोरलीच घ्यावी म्हणते. आपला नंबरांचा जुना प्रोग्रॅम तिच्यावर आहे तसा चालेल. धाकटीवर चालत नाही, तिच्याकडे त्याला लागणारं सामानच नाही." आणि मग मी जे बोलले ते माझं मलाच खरं वाटेना. "शिवाय थोरलीवर जुनी खाती आपोआप येतात. तुमचंही येईल. शेकड्यांनी ओळी असतात, तपासनीस कुठे एकेक बघत बसणार!"

काकांनी टेबलावरच्या कम्प्युटरकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. हो म्हणाले असते तर मी थोरली आणली असती. माझी नोकरी पणाला लावून आणली असती, कारण त्या खोलीतली ती रिकामी खुर्ची मला ओळखीची वाटत होती.

"लोकांच्या डोळ्यांचे नंबर आहेत ते," ते म्हणाले. "कुणी शिरून उजव्याचं डावं केलं, तर कळणारसुद्धा नाही. माणसं चुकीच्या काचा घालून फिरतील, डोकं दुखतंय म्हणून गोळ्या खातील. धाकटी घे."

"आणि प्रोग्रॅम?"

"माझ्या खात्यात एक फोल्डर आहे, 'अडगळ' नावाचं. मी लिहिलेला मूळ मजकूर त्यात आहे. तो धाकटीवर नव्याने बांध. दोन ठिकाणी रडेल, तिथे काय करायचं तेही लिहून ठेवलंय."

खातं पुसून टाकलं असतं तर ती अडगळही गेली असती.

"आणि तुमचं खातं?"

"धाकटी लागेल तेवढंच ठेवते म्हणालीस ना?" काका हसले. "मग मी कुठे लागतो!"

निघताना ते दारापर्यंत आले. "माझा फोन नंबर देऊ का? काही अडलं तर."

ताठपणा हा माझा जुना रोग आहे. "अडणार नाही, काका," मी म्हटलं आणि जिना उतरले.

अडगळीतला मजकूर सापडला. सांगितल्याप्रमाणे दोनच ठिकाणी रडला. आधीचे दोन सर्व्हर एकेका आठवड्यात धाकटीवर गेले, आणि तिसरा, त्यांच्या त्या आकड्याचा, मी रविवारी सकाळसाठी ठेवला. मशीनं बंद, कारखाना रिकामा. सगळी तयारी नऊलाच झाली होती, पण मी दहा दहापर्यंत थांबले.

ते आले. एकाच सर्व्हरवर दोघं असले की एकाला दुसऱ्याच्या पडद्यावर लिहिता येतं. ही सोय फार जुनी आहे, आता कुणी वापरत नाही. मी लिहिलं, 'काका, आता बंद करते.'

थोड्या वेळाने माझ्या पडद्यावर अक्षरं उमटली. 'थांब. एकदा बघू दे.'

दोन हजार तीनशे तेहतीस दिवस. त्यांनी तो आकडा किती वेळ बघितला कोण जाणे. मग एकच शब्द आला. 'कर.'

मी केलं. सर्व्हरचा पंखा हळूहळू थांबत गेला. आईच्या खोलीतलं ऑक्सिजनचं मशीन बंद केलं तेव्हा झालं होतं, तसं झालं. मी स्वेटरची बाही डोळ्यांना लावली आणि धाकटी बसवायला घेतली. बाहेरून यायला एकच दार ठेवलं, आणि त्याची किल्ली फक्त माझ्याकडे.

सोमवारी मी नोंदवही उघडली. आता रोज वाचायची असं ठरवलं होतं. मधेच एक ओळ दिसली. वेळ, दहा दहा. 'मूळ: असा कोणी वापरकर्ता नाही. प्रवेश नाकारला.'

म्हटलं, सवयीने आले असतील बिचारे. मंगळवारी पुन्हा दहा दहाला तीच ओळ. बुधवारीही. रोज एकदाच. तीनदा दार वाजवलं तर धाकटी त्या कम्प्युटरचा पत्ता दिवसभर अडवते, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक. दार उघडणार नाही हेही ठाऊक. तरी ते रोज येत होते, एकदा वाजवत होते, आणि असा कोणी नाही हे उत्तर ऐकून परत जात होते. मला हे कळायला चार दिवस लागले. आत यायला नव्हते येत ते. मी आहे, एवढंच सांगायला येत होते.

तेव्हापासून मी दहाला चहा घेऊन पडद्यासमोर बसायला लागले. ओळ उमटली की पहिला घोट.

तपासनीस आला तेव्हा त्याने सगळं तपासलं आणि धाकटीची निवड उत्तम म्हणून शाबासकी दिली. मग त्याचं बोट त्या ओळीवर थांबलं. "हा रोज एक फसलेला प्रयत्न, एकाच पत्त्यावरून. कोण आहे?" त्याच्या कागदावर दोन रकाने होते, ज्ञात आणि अज्ञात.

"ज्ञात," मी म्हटलं.

"मग पत्ताच अडवून टाका ना. नोंदसुद्धा होणार नाही."

"नको. अडवला तर तो कधी यायचा थांबला, ते कळणार नाही."

त्याने माझ्याकडे आदराने बघितलं. "हा विचार फार कमी लोक करतात," म्हणाला आणि ज्ञातवर खूण केली. त्याला हे सुरक्षेतलं माझं कसब वाटलं. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

त्यानंतर महिन्याभराने, एका गुरुवारी, दहा दहा झाले आणि ओळ आली नाही.

घड्याळ पुढे असेल म्हटलं. सर्व्हरचं घड्याळ पुढे नसतं. दहा अकरा. चहा तसाच. दहा बाराला फोन उचलला आणि आठवलं, नंबर कुठे आहे माझ्याकडे! अडणार नाही, काका. स्वतःच्या जिभेला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. दहा तेराला चपला घातल्या, पर्स घेतली, तीन मजले चढायचे, दार आतून बंद असलं तर कुणाला बोलवायचं, असं सगळं डोक्यात चालू झालं. दाराशी जाऊन शेवटचं वळून बघितलं.

दहा चौदा. 'मूळ: असा कोणी वापरकर्ता नाही. प्रवेश नाकारला.'

मी चपलांसकट खुर्चीत बसले आणि रडले. चांगली हमसून रडले. वर कुणाला ऐकू जायचा प्रश्नच नव्हता.

डोळे पुसताना सुचलं, माझी अशी ओळ कुठे उमटते? उद्या मी घरातच पडून राहिले, तर कुणाला कळेल आणि कधी? वरच्यांना कळेल, काहीतरी बंद पडलं की. पण धाकटी मी इतकी नीट निवडली आहे, की काहीच बंद पडत नाही. ती आल्यापासून जिन्यावर एकदाही चपला वाजलेल्या नाहीत.

शनिवारी मी पुन्हा ते तीन मजले चढले. बेल वाजवली. इस्त्रीचा शर्ट, मोजे, नुकती दाढी.

"बंद पडला?" काकांनी विचारलं.

"नाही. गुरुवारी चार मिनिटं उशीर झाला तुम्हाला."

ते ओशाळले. "वीज गेली होती गं. तू बघतेस होय?"

"काका, आधी कागद घ्या. माझा फोन नंबर लिहून घ्या."

"कशाला? काही अडलंय का?"

"हो," मी म्हटलं. "अडलंय."